बायकांच्या गॅलरीची पुढची बाजू

आमच्या गावात कबड्डीचे सामने लागले की माझी भूक मरते, असं आमची ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायची. खोटं नव्हतं ते. भात घरात आलं, पेंढा रचून झाला, की शाळेमागच्या मोकळ्या जागेत मंडळाची मुलं मैदान तयार करायला घेतात आणि त्या दिवसापासून माझं डोकं फिरायचं. कबड्डीशी माझं भांडण नाही. मी स्वतः खेळलोय, पकड करताना पुढचा एक दात त्याच मातीला वाहिलाय. पण ही सामने बघायला बसते बायकांच्या गॅलरीत, अगदी वरच्या कोपऱ्यात, आणि त्या गॅलरीकडे नजर गेली की मला सामना सुचायचा नाही.

ती गॅलरी कशी असायची ते सांगतो. पोफळीच्या खोडांचे खांब, त्यावर आडव्या फळ्या, एकावर एक चढत जाणाऱ्या. वर छप्पर झापांचं, म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेल्या चटयांचं. मागे आणि दोन्ही अंगांनाही झापच. दव लागू नये हे एक कारण आणि फुकट्यांनी बाहेरून डोकावू नये हे दुसरं. आत जायला मागून एकच वाट, आणि सामना सुरू झाला की त्या वाटेवरचा झाप काथ्याच्या दोरीनं घट्ट बांधून टाकायचे. पुढे मैदानाच्या बाजूला कमरेएवढे आडवे बांबू. फळ्यांखाली धूळ उडू नये म्हणून पेंढा पसरलेला, त्यात नारळाची सोडणं, चहाचे कागदी पेले, भज्यांचे तेलकट कागद. चूल पेटवायची म्हणून कुणी मुद्दाम रचलं असतं तरी इतकं झकास जमलं नसतं.

पुढचे बांबू का, तर आमच्याकडे मैदानाचा मान मोठा. पहिल्या दिवशी मधल्या रेषेवर नारळ वाढवतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग सामने संपेपर्यंत त्या मातीला चप्पल लागत नाही. पंचसुद्धा अनवाणी. एकदा एक पाहुणे पुढारी बूट घालून थेट मधोमध जाऊन उभे राहिले. तोंडावर कोण बोलणार! त्यांची गाडी वळणाआड गेली आणि पोरांनी तिथली माती खरवडून नवी टाकली. तर बायका आणि लहान मुलं चुकून मैदानात उतरू नयेत म्हणून ते बांबू. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसायचं नाही. दिसायचं ते मला एकट्याला.

का दिसायचं, तर त्याला एक फुटबॉलचा सामना कारण आहे. तेव्हा मी विशीत होतो. जहाजावर नवीन लागलो होतो, इंजिनातलं तेलपाणी बघायचं काम. इंग्लंडच्या एका बंदरात माल भरायला आम्ही थांबलो होतो. शनिवारची दुपार होती आणि जेवणाच्या खोलीत टीव्हीवर फुटबॉल लावला होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माणसं ओरडताना बघायला मजा वाटायची. लांबलचक जुनी लाकडी गॅलरी होती, माणसांनी गच्च भरलेली. मध्येच एका टोकाला धूर दिसायला लागला. कॅमेरा तिकडे वळला. तिथली माणसं उठून बघत होती, हसत होती, पुन्हा सामन्याकडे वळत होती. काही पोरं तर कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होती. आम्हीही हसलो. म्हटलं, कुणीतरी कागद पेटवला असेल.

हातातला चहा संपायच्या आत अख्खं छप्पर पेटलं होतं. नंतर बातम्यांत सांगितलं, फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं कागद-कचरा खाली पडून साठला होता, आणि बहुतेक त्यातच कुणाची तरी जळती काडी किंवा सिगरेट पडली. पन्नासहून जास्त माणसं गेली. सामना बघायला आलेली माणसं, बापलेक, आजे-नातू. पुढे हिरवंगार मोकळं मैदान होतं. जे कठडा ओलांडून मैदानात उतरले त्यातले बहुतेक वाचले. आणि जे आल्या वाटेनं मागे गेले, त्यातल्या कितीतरी जणांपुढे दारं बंद होती. बिनतिकिटाचे आत शिरू नयेत म्हणून बंद केलेली दारं. आमच्यातला एक जण म्हणाला, "अरे, मागे कशाला कडमडायला गेले? समोर मैदान पडलंय की!" मीही तेच म्हणालो. पुढे कित्येक वर्षं तेच म्हणत राहिलो, रागानं.

तेव्हापासून ही खोड लागली. कुठेही गेलो की आधी बाहेर जायची वाट बघायची. हॉटेलात बसलो की वेटर पाणी आणायच्या आत मी मोरीपर्यंत जाऊन मागचं दार उघडं आहे का ते बघून येतो. माणगावात साड्यांच्या दुकानात शिरलो तर ही साड्या बघते आणि मी जिना. एकदा दुकानदारानं हळूच हिला विचारलं, "वहिनी, साहेब कुठल्या खात्यात आहेत?" ही म्हणाली, "कुठल्या खात्यात नाहीत हो, घाबरट आहेत." आणि खदखदून हसली. मीही हसलो. घाबरट तर घाबरट.

पण दोन हिवाळ्यांमागे हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि माझं हसू आटलं. चालते छान, पण चढउतार बेतानं, कठड्याला धरून. इतकं असून बसायचं कुठं, तर वरच्या कोपऱ्यातच. "वरून पकड नीट दिसते," म्हणे. कबड्डी हिला माझ्यापेक्षा जास्त कळते. आपला चढाईपटू बोनस न घेता परत आला की हिचा आवाज खाडीपलीकडे आगरदांड्याला ऐकू जावा. मी समोर पुरुषांच्या खुर्च्यांत बसून सामना कमी आणि तो कोपरा जास्त बघायचो. मनात एकच हिशेब, काही झालं तर ही तिथून खाली यायची कशी आणि आली तर जायची कुठं. मागे दार बांधलेलं, पुढे बांबू.

गेल्या वर्षी मी ठरवलं, आता बोलायचंच. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा पुतण्याच. ट्रकचा धंदा आहे त्याचा, गाव त्याच्या शब्दाबाहेर नाही. शाळेच्या व्हरांड्यात बैठक होती तिथं जाऊन मी इंग्लंडची सगळी गोष्ट सांगितली. पोरांनी ऐकून घेतली. मग पुतण्या म्हणाला, "काका, ते तिकडचं तिकडं. आपल्याकडं इतकी वर्षं गॅलरी बांधतोय, कधी ठिणगी तरी पडली काय?"

"पडली की तुला कळवायला येतो, मग बांबू सोड," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुझी आई कुठं बसते रे? तिथंच ना? उद्या वरून झाप पेटला तर ती बांबूवरनं उडी मारणार आहे का?"

आईचं नाव काढल्यावर तो जरा नरमला. भांडून भांडून एवढं मिळालं की खालचा पेंढा काढायचा आणि पुढचे बांबू काढून तिथं नुसता सैल दोर लावायचा, हात लावला की पडेल असा. मागचं दार मात्र ते बांधणारच. तिथून टगे शिरतात म्हणे. आणि एक अट घातली, काही झालं तरी नारळ वाढवलेल्या मातीत चपला जाता कामा नयेत. मी म्हटलं, बाबा रे, बघतो. खालचा पेंढा, मागच्या वर्षांचा साठलेलासुद्धा, मी स्वतः फावड्यानं ओढून काढला. मेलेले उंदीर निघाले, एक जुनी पायातली साखळी निघाली. साखळी कुणाची ते अजून कळलेलं नाही.

पण नुसता दोर लावून काय उपयोग? जहाजावर आम्हाला उगाच घंटा वाजवून पळवायचे, खरी वेळ आली तर पायांना वाट माहीत असावी म्हणून. म्हटलं, इथंही तेच करू. नारळ वाढवून झाल्यावर दुपारी बायकांना बोलावलं. आल्या, आणि काय मजा चालली होती त्यांची! "काकांची शाळा" म्हणत सगळ्या वर जाऊन बसल्या. मी शाळेची घंटा बडवली आणि ओरडलो, "आग लागली! दोर पाडा आणि मैदानात पळा!"

उठल्या. भराभर खाली आल्या. मला वाटलं, जमलं. आणि दोरापाशी येऊन पहिली रांग थांबली. थांबली आणि वाकली. सगळ्या जणी चपला काढायला लागल्या! मागच्या त्यांच्यावर आदळल्या, त्यांच्या मागच्या फळ्यांवरच अडकल्या. एकीच्या सँडलला पट्टे होते, ती तर ऐसपैस खाली बसून पट्टे सोडायला लागली. कप्पाळ माझं!

"अगं बायांनो, आग लागलीय! चपला कसल्या काढताय?"

आमच्या शेजारची म्हातारी आत्या सगळ्यांत पुढे होती. चप्पल हातात धरून तीच माझ्यावर उखडली. "मेल्या, आग लागली म्हनून काय नारल वाढवलेल्या मातीत चपला घालून जाव? मी न्हाय जायची. जलंन, पन न्हाय जायची." आणि सगळ्या जणी हसल्या. आमची ही वरच्या कोपऱ्यात उभीच होती. तिच्यापुढे वाट तुंबली होती आणि तीही हसत होती. मला इतका संताप आला की घंटा तिथंच टाकून मी घरी निघून आलो.

घरी आल्यावर हिनं चहा ठेवला. ती म्हणाली, "चिडू नका. चूक त्यांची नाही. तुम्ही स्वतः तरी गेला असता का चपला घालून?" नसतो गेलो. जहाजानं सगळं जग दाखवलं, पण त्या मातीत पाय ठेवायचा तर माझाही हात आपोआप चपलेकडे जातो. मग तीच म्हणाली, "वर चढण्याआधीच काढल्या तर? मागच्या दारात. देवळात काढतोच की." मला पटलं. वा, म्हटलं, इतकं सोपं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या जमल्या, चपला मागच्या दारात सोडून अनवाणी वर बसल्या. मी घंटा वाजवली. आणि निम्म्या बायका पुढे येण्याऐवजी उलट्या वळून मागच्या दाराकडे धावल्या. चपला घ्यायला! पुतण्याची बायको तर सगळ्यांत पुढे. "नवीन आहेत हो काका, म्हसळ्याच्या बाजारातनं परवाच आणल्यात, कुणी नेल्या तर?" झाप धरून ती ओढत होती आणि झाप तर सामन्यात बांधतात तसाच बांधलेला.

या वेळी मी ओरडलो नाही. मी तिथं मैदानाच्या कडेला खाली बसलो. इतकी वर्षं मी ज्यांना नावं ठेवत आलो होतो, त्या इंग्लंडच्या माणसांसारख्याच आमच्या गावच्या बायका हसत हसत बंद दाराकडे पळाल्या होत्या, आणि खरी आग असती तर काय झालं असतं ते माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी सगळ्यांदेखत रडलो असतो. रडलो नाही, कारण आमची ही वरून सावकाश उतरत आली, खांब धरत, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "अहो, त्या चपलांकडेच धावणार असतील तर चपला पुढं ठेवा ना!"

खरंच की! माणूस आपली वस्तू असेल तिकडेच वळणार. मग आम्ही असं ठरवलं की मागून आत यायचं, सरळ चालत पुढे यायचं, दोर ओलांडून मैदानाच्या अलीकडे दोन्ही अंगांना चपला ओळीनं काढून ठेवायच्या आणि मग पुढूनच वर चढायचं. वाट मधून मोकळी. सामनाभर चपला डोळ्यांसमोर. आत्या म्हणाली, "व्हय, आता कसं! आता माझी नजर बी ऱ्हाईल चपलांवर." पुन्हा घंटा वाजवली तेव्हा गॅलरी बघता बघता रिकामी झाली. सगळ्या अनवाणी मैदानात उभ्या आणि अध्यक्ष टाळ्या वाजवतोय. त्या दिवशी मी ओल्या बोंबलांच्या कालवणाबरोबर दोनदा भात घेतला. हिनं तिसऱ्यांदा वाढायला वाटी पुढे केली तेव्हा मीच हात आडवा धरला.

सामने झकास झाले. आगरदांड्याचा संघ नेहमीप्रमाणे बोट चुकल्याचं सांगून उशिरा आला आणि लवकर हरला. पेढ्यांचं वाटप झालं, भांडणं झाली, एका पंचाला शिव्या पडल्या, सगळं यथासांग. शेवटच्या दिवशी अंतिम सामना आमचा आणि म्हसळ्याचा. नेहमीसारखा मी हिला गॅलरीच्या मागच्या वाटेपर्यंत सोडलं, आत शिरेपर्यंत हात धरला, आणि वळसा घालून पुरुषांच्या खुर्च्यांत येऊन बसलो. दिवेलागणीची वेळ होती. मोठे दिवे लागले होते. मला आठवतं, कितीतरी वर्षांनी मी सामना सामन्यासारखा बघत होतो.

आमच्या चढाईपटूनं म्हसळ्याचे उरलेले गडी एकदम मारले, लोण चढला, आणि कुणीतरी आनंदाच्या भरात रॉकेट लावलं. ते वर गेलंच नाही. आडवं सुटलं आणि बायकांच्या गॅलरीच्या छपरात जाऊन घुसलं.

पहिल्यांदा नुसता धूर. पोरं अजून नाचत होती. बायका वर बसूनच टाळ्या वाजवत होत्या, कारण आग त्यांच्या डोक्यावर होती आणि त्यांना दिसतच नव्हती. मग झाप भडकला. शाळेची घंटा वाजली. पुतण्यानं वाजवली, हे नंतर कळलं.

आणि मी पळालो. मैदान माझ्यासमोर होतं. मधून सरळ गेलो असतो तर गॅलरीच्या पुढ्यात पोचलो असतो. पण मी मैदानाकडे बघितलंही नाही. खुर्च्या पाडत बाहेर पडलो, शाळेच्या भिंतीला वळसा घातला आणि गॅलरीच्या मागे गेलो, जिथं तिला सोडलं होतं तिथं. दार बांधलेलं होतं. मी त्या गाठीला भिडलो. काथ्याची ओढून बांधलेली गाठ, नखांनी सुटेना. दातांनी धरली. वरून पेटलेल्या झापाचे तुकडे पडत होते, एक माझ्या हातावर पडला, बाही पेटली, ती मी दुसऱ्या हातानं विझवली आणि पुन्हा गाठीला लागलो. "अगं ए! खाली ये! अगं, मी इथं आहे!" असं ओरडत होतो. आतून काहीच आवाज येत नव्हता. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात मागून दोघांनी येऊन माझी कंबर धरली. म्हसळ्याच्या संघातले दोघे गडी, घामानं निथळत होते. मी लाथा झाडल्या. एकाच्या नडगीवर चांगली बसलीसुद्धा. "काका, आत कोन न्हाय!" तो ओरडत होता. "समद्या मैदानात हायत! काका, सोडा ती दोरी!" मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. शेवटी त्यांनी मला उचललं आणि मैदानात नेलं. रीतसर पकड झाली माझी.

मैदान बायकांनी भरलं होतं. सगळ्या अनवाणी, कडेवर पोरं, कुणाच्या हातात स्वतःच्या चपला तर कुणाच्या हातात दुसरीच्या. नारळ वाढवला होता त्या मधल्या रेषेवर आमची ही उभी होती, आत्याचा हात धरून. ती पुरुषांच्या खुर्च्यांकडे बघत होती. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे. मला दोघांच्या खांद्यावरून येताना बघितलं आणि सगळ्या गावासमोर तिनं जो आवाज लावला!

"मागं कशाला गेलात? मी समोर उभी, घंटा झाल्या झाल्या उतरले, सगळ्यांबरोबर खाली आले, आणि तुम्ही मागं? सगळ्या गावाला शिकवलंत ना तुम्हीच?"

मग तिला माझा हात दिसला. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मी पण रडलो. लाज वाटली नाही, अजून वाटत नाही. जिवंत होती ती. अनवाणी, धुळीनं माखलेले पाय घेऊन माझ्यासमोर उभी होती, आणि मला त्या क्षणी जगातलं दुसरं काही नको होतं.

गॅलरीची राख झाली. शेजारच्या नारळी-पोफळीच्या वाडीतला पंप लावून पोरांनी आग वाडीत शिरू दिली नाही. बंबाची गाडी आली तेव्हा काळे खांब धुमसत होते. मेलं कुणी नाही, होरपळलं कुणी नाही, एक माझा हात सोडून. आगीची शाळा घेणारा तेवढा जखमी. दवाखान्यातली नर्स पट्टी बांधताना हसू दाबत होती, कारण तिची आई आमच्याच गॅलरीत होती आणि तिनं सगळं सांगून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात सामना पुन्हा खेळवला, त्यात आम्ही हरलो. ज्याच्या नडगीवर मी लाथ मारली होती त्यानंच आमच्या शेवटच्या गड्याची पकड केली. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुतण्या अजून त्यावरून टोमणे मारतो.

या वर्षी गॅलरी लोखंडी पाइपांची झाली. वर छप्पर नाही, मागे झाप नाही, दोरी नाही. दव लागतं म्हणून बायका डोक्याला रुमाल बांधून बसतात. चपला मात्र पुढेच. ती आता रीतच झाली आहे, नवीन सुनांना सांगावंही लागत नाही.

इंग्लंडची ती माणसं मला अजून आठवतात. पण त्यांचा राग येत नाही. मागे का गेले, हे विचारणं मी बंद केलंय. त्यातल्या एखाद्याचं लेकरू मागे राहिलं असेल. एखाद्याला वाटलं असेल, बायको आधी बाहेर पडली, दाराशी उभी असेल. आपलं माणूस जिथं शेवटचं दिसलं तिथंच पाय जातात. माझेही गेले, आणि मला तर सगळं माहीत होतं.

हिनं मात्र त्यावरून नियम काढलाय. हात बरा व्हायच्या आत एका सकाळी मला समोर बसवून म्हणाली, "पुन्हा असं काही झालं तर मला शोधायचं नाही. मी बाहेर पडेन. तुम्हीही पडायचं. कुठं भेटायचं ते आधी ठरवायचं, आणि तिथंच जायचं." मी म्हटलं, "आणि तू आली नाहीस तर?" ती म्हणाली, "येईन." मी म्हटलं, "पण समज, नाही आलीस तर?" ती दूध उतू जातंय म्हणून उठून गेली.

तेव्हापासून कुठेही गेलो की बसण्याआधी तीच विचारते. परवा माणगावला एका लग्नाला गेलो होतो. मोठा हॉल, पडदे, झुंबरं, जिन्यात खुर्च्यांची थप्पी. मी खुर्च्यांवरून व्यवस्थापकाशी भांडायला निघालो तर हिनं कोपर धरून मला बाहेर आणलं. "आधी ते सांगा, कुठं भेटायचं?" मी आवारातलं वडाचं झाड दाखवलं. तिथं गाड्या उभ्या होत्या. तिनं रस्त्यापलीकडचं रसाचं दुकान पसंत केलं. म्हणाली, "तिथं. मी दिसले नाही तरी तिथंच उभं राहायचं. आत यायचं नाही. हो म्हणा."

सनई जोरात वाजत होती, माणसं आम्हाला ओलांडून आत जात होती. ती दारात अडून उभी होती, काठापदराची साडी नेसून, गुडघा जरा वाकवून, कारण फार वेळ उभं राहिलं की तो दुखतो. "हो म्हणा ना," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि तिच्या मागोमाग मीही गेलो. हो म्हटलं खरं, पण तशी वेळ आलीच तर मी त्या दुकानापाशी उभा राहीन की नाही, देव जाणे.